कपाटाला लागलेलं कुलूप

माझा मामा पाट्या रंगवायचा. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, वकिलांच्या, शाळांच्या. बाजारात त्याला सगळे नुसतं पेंटर म्हणत आणि मामीसुद्धा रागावली की "अहो पेंटर" अशीच हाक मारायची. शिडीवर चढून, मनगटाखाली काठी टेकवून तो जी रेघ ओढायचा, तिला पट्टी लावून बघायची कुणाची छाती नव्हती. पुढे छापील फलक आले, बघता बघता सगळ्या दुकानांचे चेहरे बदलले आणि मामाचे ब्रश डब्यात वाळायला लागले. तरी काचेवर सोनेरी वर्खाची अक्षरं हवी असली की लोक त्यालाच शोधत यायचे. त्यावर घर चाललं.

बाटल्यांचा नाद त्याला अक्षरांपायीच लागला. एका जुन्या हॉटेलच्या बारमध्ये आरशावर नाव रंगवायचं काम निघालं होतं. मामा शिडीवर, आणि खाली तिथला बारमन ग्लास पुसतोय. मागच्या फळीवर स्कॉचच्या काही जुन्या बाटल्या होत्या, नुसत्या शोभेला ठेवलेल्या. मामाचं रंगवणं राहिलं बाजूला, तो त्यांची लेबलं वाचत बसला. काळ्यावर सोनं, सोन्याभोवती केसाएवढी लाल रेघ, आणि खाली अशी बारीक वळणदार सही की पाहणाऱ्यानं श्वास रोखावा. काम संपल्यावर बारमननं त्यातली एक त्याच्या हातात ठेवली. "घेऊन जा पेंटर. इथे हिला बघणारं कुणी नाही."

ती पहिली. त्यानंतर बारमन आणि मामा यांची जी गट्टी जमली ती आजतागायत आहे.

मामा फक्त मिश्र व्हिस्की जमवायचा. ब्लेंडेड. एकाच भट्टीतल्या, एकाच धान्याच्या महागड्या बाटल्यांचं त्याला काही नव्हतं. कुणी त्यावरून टोकलं की म्हणायचा, "एका पिंपाचं काय कौतुक, ते निघेल तसं निघेल. वीस ठिकाणची पिंपं एकत्र करायची, त्यातलं एक तिखट, एक मवाळ, एक धुरकट, आणि तरी दरवर्षी चव तीच आणायची, हे खरं काम." हे वाक्य मुळात बारमनचं, पण मामानं ते इतक्यांदा म्हटलं की त्याचंच झालं.

बाटल्या त्याला मिळायच्या लोकांच्या घरांतून. कुणाचे वडील जायचे, मुलं घर आवरायला घ्यायची, आणि कपाटाच्या तळाशी, जुन्या चादरींच्या मागे एखादी न फोडलेली बाटली निघायची. पाटीच्या कामानं मामा गावभर ओळखीचा, त्याचा हा नादही सगळ्यांना ठाऊक, म्हणून लोक बोलवून घ्यायचे. तो बाटली उजेडात धरायचा, बुचाकडे बघायचा, आत व्हिस्की कुठवर आहे ते बघायचा, आणि घरच्यांना हमखास विचारायचा, "ही कशासाठी ठेवली होती?" उत्तर कुणाला माहीत नसायचं. मामाला मात्र खात्री होती की प्रत्येक बाटली कुणाची तरी वाट बघत ठेवलेली असते आणि तो माणूस आलेला नसतो.

घराच्या आतल्या खोलीत काचेच्या दारांचं एक कपाट होतं, त्यात त्या उभ्या असायच्या. आडव्या कधीच नाही; आतली दारू बुचाला लागली की बूच कुजतं. खिडकीवर जाड पडदा, कारण उन्हानं लेबलं उडतात. वर्षातून एकदा, बारमन जेवायला आला की, जिची जोड कपाटात असेल अशी एखादी बाटली उघडली जायची. मामा जेमतेम घोटभर घ्यायचा आणि त्या घोटाला तास लावायचा. मामी म्हणायची, "तेवढ्यात माझी भांडी घासून होतात."

मामाची एकुलती एक मुलगी, माझी ताई. ती लहान असताना मामा तिला बुचाचा वास घ्यायला द्यायचा. नुसता वास. एकदा ती डोळे मिटून म्हणाली, "ओला पुठ्ठा. आणि मागे कुठेतरी संत्र्याची साल." बारमननं हातातला ग्लास खाली ठेवला. "पेंटर, हिला नाक आहे," तो म्हणाला. "मिश्रण करणाऱ्यांना असलं नाक लागतं." मामा त्या रात्री इतका खूश होता की जिन्यावरून जाणाऱ्या शेजाऱ्यांनाही थांबवून सांगत होता.

ताई मोठी झाली, हॉस्पिटलात एक्स-रे काढायला लागली, लग्न करून गेली. नवऱ्याचा मित्रांचा गोतावळा मोठा, घरी सारख्या बैठका. ताई आधी सोबत म्हणून घ्यायला लागली, मग सवय म्हणून, मग नवरा झोपल्यावर एकटी. लग्न मोडलं ते नेमकं कशानं, हे आम्ही कधी खोदून विचारलं नाही. एक दिवस ती दोन बॅगा घेऊन मामाकडे आली आणि चपला काढायच्या आधी म्हणाली, "बाबा, मी पिते. खूप पिते. सोडायचीय. इथे राहू?"

मामानं बॅगा उचलून आत नेल्या.

त्या संध्याकाळी मामी स्वयंपाकघरात मामाला दबक्या आवाजात बोलत होती. मी भाजी निवडत तिथेच होते. "त्या बाटल्या आधी घरातून हलवा. विस्तवाशेजारी कापूस ठेवायचा का?"

मामा बाहेर गेला आणि त्यानं सरळ ताईलाच विचारलं. "कपाट बारमनकडे पाठवू? की कुलूप लावू?"

ताईनं उलट विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

"मला काही वाटत नाही," मामा म्हणाला. "तुझं घर आहे."

"मग असू दे."

आतली खोली ताईला द्यायची ठरली. घरातली तीच एक थंड आणि शांत खोली. म्हणून कपाट बाहेरच्या खोलीत आणलं, जिथे जागा होती तिथे, पश्चिमेच्या भिंतीला पाठ लावून. मामानं इथे कपाटाच्या काचांना आतून पडदा शिवून घेतला. कपाटाला कुलूप लागलं नाही.

आणि ताईनं खरंच सोडली. सुरुवातीला तिचे हात थरथरायचे, कप बशीवर वाजायचा, मामीनं तिला बिनकानाचा जाड पेला दिला. ती चिडायची, रडायची, कधी नुसती भिंतीकडे बघत पडायची. मग हळूहळू तिला भूक लागायला लागली. ती परत कामावर रुजू झाली. रविवारी आम्ही दोघी गच्चीवर कपडे वाळत घालायचो तेव्हा ती लहानपणी करायची तशी माझी टिंगल करायची. मामी मला कानात म्हणाली, "दृष्ट लागायला नको, पण पोरगी परत आली."

मग उन्हाळा आला.

मामाची नजर रेघेची. पाटीवर एखादं अक्षर तांदळाएवढं खाली उतरलं तरी त्याला रस्त्याच्या पलीकडून कळायचं. एका दुपारी त्यानं कपाट पुसायला उघडलं आणि त्याला खालच्या ओळीतल्या काही बाटल्यांमधली रेघ खाली गेलेली दिसली. गळ्यापर्यंत असणारी व्हिस्की खांद्याच्या खाली आली होती. त्या बाटल्यांना जुन्या पद्धतीची स्प्रिंगची टोपणं होती, हातानं उचकटून परत दाबून बसवता येणारी. त्यांच्यावरच्या कागदी पट्ट्या मामाकडे येण्याच्या आधीच फाटलेल्या होत्या. म्हणजे कुणी उघडली तर मागे काही खूण राहणार नव्हती.

जुन्या बाटल्यांतली दारू थोडी थोडी उडते, हे मामाला माहीत होतं. पण ते वर्षानुवर्षांचं काम. एका उन्हाळ्यात एवढी उतरलेली त्यानं कधी पाहिली नव्हती. नेमकी त्या दिवसांत ताई दुहेरी पाळ्या करून थकून यायची, डोळे लाल असायचे, जेवण अर्धं टाकून झोपायची. मामीनंही बाटल्या बघितल्या. पदराला हात पुसत ती तिथे उभी राहिली. मग एवढंच म्हणाली, "लहानपणी वास घ्यायला तुम्हीच शिकवलात."

मामानं ताईला काही विचारलं नाही. ओरडला असता, जाब विचारला असता, तर कदाचित बरं झालं असतं. तो बाजारात गेला, एक लहानसं पितळी कुलूप आणलं, कपाटाला कडी ठोकली आणि किल्ली शर्टाच्या खिशात टाकली.

संध्याकाळी ताई आली. पाण्याचा माठ कपाटाच्या बाजूलाच होता. तिनं पेला भरला, प्यायली, आणि पेला खाली ठेवताना तिला कुलूप दिसलं.

"हे कधी लावलं?"

"आज," मामा म्हणाला. तो पेपर वाचत होता, किंवा तसं दाखवत होता.

"बरं केलंत," ताई म्हणाली. तिनं हातपाय धुतले, पानावर बसली, वाढलेलं सगळं संपवलं. मामीला बरं वाटलं. मामालाही वाटलं असावं की जे झालं ते न बोलता मिटलं.

पुढच्याच आठवड्यात ताईनं हॉस्पिटलजवळ एक खोली बघितली. पाळीला सोयीचं पडतं, असं कारण सांगितलं. मामानं बॅगा खाली रिक्षात नेऊन ठेवल्या.  मी त्या खोलीवर अधूनमधून जायचे. पहिल्या दोन-तीन खेपांना ठीक होतं. मग एकदा दार उघडायला तिनं फार वेळ लावला, आणि उघडलं तेव्हा तोंडात वेलची होती. मला कळलं. तिला कळलं की मला कळलं. तिनं मला चहा करून दिला आणि माझ्या ऑफिसचं विचारत बसली.

वर्ष गेलं. परत उन्हाळा आला आणि मामानं बऱ्याच महिन्यांनी कपाटाचं कुलूप उघडलं. मी त्याच्याकडेच होते. पडदा सरकवल्यावर त्यानं कपाटाची कड घट्ट धरली; मला आधी वाटलं, चक्कर आली की काय. खालच्या ओळीतल्या त्याच बाटल्या आणखी उतरल्या होत्या. दोन तर निम्म्यावर आल्या होत्या. कुलूप जिथल्या तिथे होतं. किल्ली वर्षभर मामाच्या खिशात होती.

"बारमनला बोलव," तो मला म्हणाला. 

बारमन तोवर निवृत्त झाला होता, गुडघे धरून जिना चढून आला. त्यानं कपाटातली एकेक बाटली बघितली. मग कपाट आणि भिंत यांच्या फटीत हात घातला आणि मामाचा हात धरून तिथे नेला.

"लाव इथे."

दुपार टळत होती. पश्चिमेची भिंत तव्यासारखी तापली होती. कपाटाची पाठ हाताला सोसवत नव्हती.

"स्प्रिंगच्या टोपणांचं असंच असतं," बारमन म्हणाला. "गारव्यात टिकतात. ऊब लागली की आतलं बूच आकसतं आणि दारू वाफ होऊन जाते. बघ, फिरकीच्या टोपणाच्या सगळ्या भरलेल्या आहेत. आत होतं तेव्हा काही झालं होतं का? इथे कशाला आणलंस?"

"पोरीला खोली हवी होती," मामा म्हणाला.

बारमनला कुलपाचं काही ठाऊक नव्हतं. तो आपला बोलत होता, की अजून वेळ गेलेली नाही, टोपणांवर मेण लाव, कपाट हलव. मामा खुर्चीत बसला. मामी दारात उभी होती, तिनं सगळं ऐकलं होतं. ती आत गेली आणि मोरीतला नळ सोडला. बराच वेळ नुसतं पाणी पडल्याचा आवाज येत होता.

दुसऱ्या दिवशी मामा मला घेऊन हॉस्पिटलात गेला. एकट्याला जायचं धाडस होत नव्हतं. ताई जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये आली. तिचा चेहरा सुजलेला होता, डोळ्यांच्या पांढऱ्यात पिवळी झाक होती. मामानं ते बघितलं आणि ठरवून आणलेलं सगळं विसरला.

"त्या बाटल्या," तो म्हणाला. "त्या भिंतीच्या उन्हानं उडाल्या. मी तुला... मला वाटलं, तू."

ताईनं मान हलवली. "माहितेय. कुलूप बघितलं तेव्हाच कळलं, तुम्हाला काय वाटलं ते."

"मग बोलली का नाहीस? नाही म्हणायचं होतंस."

"पिणाऱ्याचं 'नाही' कोण खरं मानतं, बाबा?" ती हे चिडून म्हणाली नाही. आजाऱ्याला औषध कसं घ्यायचं ते सांगावं, तसं म्हणाली. "रोज संध्याकाळी घरी आले की त्या कपाटापाशी पाणी प्यायचे. मुद्दाम तिथेच. वाटायचं, बाबांनी कुलूप लावलेलं नाही. तेवढ्यावर दुसरा दिवस निघायचा. सगळ्यांना माझी भीती वाटायची, आईलाही. तुम्हाला वाटत नव्हती."

मामानं टेबलावर ठेवलेला तिचा हात धरला. शेजारच्या टेबलावरच्या नर्सेस बघत होत्या. तो म्हणाला, "घरी चल."

"येईन."

"आज चल."

"आज पाळी आहे," ताई म्हणाली. "येईन मी."

ती यायला पावसाळा उलटून गेला आणि आली तेव्हा स्वतःच्या पायांनी आली नाही. यकृत गेलं होतं. हॉस्पिटलातल्याच तिच्या डॉक्टरांनी मामाला बाजूला घेऊन सांगितलं की आता घरी न्या, तिला तेच हवं आहे. आतली खोली तिचीच होती. मामानं काम घेणं बंद केलं. तो तिचं अंग पुसायचा, केस विंचरायचा, चमच्यानं पेज भरवायचा. कपाटावरचं कुलूप त्यानं कॅन्टीनमधून परतल्या दिवशीच काढलं होतं. ताईला ते सांगायची त्याची फार इच्छा होती, पण त्याला ते जमलं नाही. एकदा मी म्हटलं, "मी सांगू?" तर म्हणाला, "नको. तिला वाटेल, आता उठता येत नाही म्हणून काढलं."

शेवटचे काही दिवस ताई फारशी शुद्धीवर नव्हती. एका सकाळी मात्र तिनं डोळे उघडले, मामाकडे बघितलं आणि विचारलं, "बाबा, तुम्ही जेवलात?" मामानं हो म्हटलं. त्यानं काही खाल्लं नव्हतं. दुपारी ती गेली.

त्यानंतर काही दिवस मामा तिच्या खोलीतच पडून होता. एके दिवशी उठला, कपाट उघडलं, दोन बाटल्या काखेत मारल्या आणि मोरीकडे निघाला. त्यानं पहिलीचं टोपण उचकटलं तेव्हा मामी पळत आली आणि तिनं त्याचं मनगट धरलं.

"काय करताय?"

"ओततोय. सगळ्या."

"पोरीनं ज्यांना बोट लावलं नाही, त्या तुम्ही मोरीत ओतणार?" मामी म्हणाली. त्या बाटल्या घरातून हलवा म्हणून जी आधी मागे लागली होती, तीच. तिनं त्याच्या हातातून बाटली काढून घेतली, टोपण दाबून बसवलं, दोन्ही जागच्या जागी ठेवल्या. मग दोघं तिथेच मोरीच्या उंबऱ्यावर बसले. मी आमच्या घरातल्या थोरांना त्याआधी असं रडताना बघितलं नव्हतं.

कपाट परत आतल्या गार खोलीत गेलं. मामा आता नवीन बाटली घेत नाही. लोक अजून फोन करतात, वडील गेले, घर आवरतोय, एक जुनी निघालीय, बघायला येता का. तो त्यांना बारमनचा नंबर देतो.

ताई घरी असताना बुधवारी उशिरा यायची. दारू सोडलेल्यांची एक बैठक हॉस्पिटलच्या तळघरात भरते, तिथे ती जायची. हे आम्हाला ती गेल्यावर कळलं. तिच्या ओळखीची एक बाई भेटायला आली होती, ती सांगून गेली. मामा त्या बुधवारी तिथे गेला. आणि पुढच्याही. आता दर बुधवारी जातो. खुर्च्या मांडतो, चहा करतो, मागच्या रांगेत बसतो. लोक उठून आपापलं सांगतात, तो ऐकतो. स्वतः कधी उठत नाही.

परवा त्याला घरी न्यायला मी जरा लवकर पोचले. बैठक सुटत होती. मामा कप विसळत होता. एक नवीन माणूस, हात अजून थरथरणारे, त्याच्याजवळ येऊन म्हणाला, "काका, तुम्हाला सोडून किती वर्षं झाली?"

मामानं नळ बंद केला. "मी पीत नव्हतो," तो म्हणाला. "माझी मुलगी यायची इथे."

"आता येत नाहीत?"

"नाही," मामा म्हणाला. मग त्यानं त्या माणसाच्या हातातला कप घेतला, आणि विचारलं, "तुझ्या घरी कोण कोण आहे?"

तो माणूस सांगायला लागला. मी बाहेरच्या बाकावर बसून राहिले.